खुणेचा दोर

लाल केबल अंगठ्याएवढी जाड. काळीही तेवढीच. दोन्ही एका वेल्डिंगवाल्याकडून आणलेल्या, जुन्या, जागोजागी ठिणग्यांचे चटके बसलेल्या.

*

कोकिळाबाई कोंबडीला सांगत होती, "ज्याले भूक लागली त्यानं हात धुऊन यावं. भाकर झाकून ठेवली आहे." अंगणात कोंबडीखेरीज फक्त तिचा भाऊ तानबा होता.

*

विहिरीत उतरणाऱ्याच्या दोरावर त्याचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, उभा राहतो. या घरातली माणसं मुलगी बघायला गेली की मुलीच्या भावाचेही हात बघून येतात. साळा दोर सोडत नाही. दुसऱ्या टोकाला बहिणीचा संसार असतो.

*

एक झटका, थांब. दोन झटके, वर ओढ. तीन झटके, खाली सोड.

*

गिरडच्या रस्त्याला एक विहीर आहे. पारवे आत-बाहेर करतात. मालक तिचं पाणी ओलिताला घेतो, प्यायला घेत नाही.

*

बकरीने दावं ओढलं. दोनदा. तानबाने दावं टाकून दिलं, हातात निखारा आल्यासारखं. बकरी शेजारच्या वाडीतली मेथी खाऊन आली.

*

विंचच्या, म्हणजे तार गुंडाळून वजन ओढणाऱ्या मशीनच्या, पोटावर एक पिवळा कागद चिकटवलेला. त्यावर आकड्याला लटकलेल्या माणसाचं काळं चित्र, आणि त्या माणसावर लाल फुली.

*

पिकअप लिंबाखाली उभी होती. बोनेट उघडं, मागचा फाळका उतरवलेला. गाडीखालून तानबाचे पाय बाहेर आले होते. टाचांना भेगा, एकाच पायात चप्पल. बाजूला राकेश उकिडवा बसून त्याला पाने, पट्ट्या, स्क्रू देत होता. राकेश म्हणजे अंजूचा नवरा, कोकिळाबाईचा घरजावई. ऊन लिंबाच्या फांद्यांतून गळत होतं आणि राकेशच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी भाजत होतं.

या घराचा धंदा विहिरींचा. ढासळलेले दगड काढायचे, बांधकामात उगवलेली झाडं कापायची, पडलेली मोटर वर आणायची. कोकिळाबाईचा नवरा रामाजी उतरायचा आणि वर तीन पायांच्या हातयारीवर, दोर गुंडाळायच्या रहाटावर, तानबा असायचा, रामाजीचा साळा. दोर दोन. जाड दोराला पाळणा, त्यात माणूस बसलेला. बारीक दोर खुणेचा. त्याचं एक टोक उतरणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं साळ्याच्या मुठीत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गिरडच्या रस्त्यावरच्या त्या विहिरीत रामाजीने आतल्या कपारीवर डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसलं. इंजिन बंद केलं आणि धूर निघून जायच्या आत ते काढायला पाळण्यात बसून उतरला. यारी ओढणारे बाकीचे दोघे गडी बाभळीखाली जेवायला गेले होते. वर तानबा एकटा. हाक मारली, ओ आली नाही. पुन्हा मारली. मग त्याने यारीची मूठ एकट्याने फिरवली, तळहाताची साल निघेपर्यंत. पाळणा वर आला तेव्हा रामाजीची मान छातीवर पडली होती. खुणेचा दोर मनगटातून निसटून कुठेतरी अडकला असेल, असं तानबाला वाटलं. तो तसाच आत टाकून दिला. तो आणायला पुन्हा कोणी उतरलं नाही. सावंगीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कोकिळाबाईने तानबाला एकच गोष्ट विचारली. "दोर हालला का?"

"मले कळलं नाई, बाई."

तेव्हापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. कोंबडीशी बोलायची, चुलीशी बोलायची, अंजूला सांगून बोलायची. तानबा गाव सोडून सेलूला एका गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात राहिला. दोन उन्हाळे या घरातून कोणीही विहिरीत उतरलं नाही. यारी गोठ्यामागे गंजली. लोक दुसरी माणसं बोलावू लागले. राकेश विटाभट्टीवर जाऊन आला, पण त्याचा जीव तिथे लागला नाही. त्याला सासऱ्याने विहीर शिकवली होती.

अंजूला भाऊ नाही. म्हणजे राकेशला साळा नाही. म्हणजे दोरावर कोणी नाही.

या चैत्रात तानबा भंगारातून एका जुन्या जीपचा विंच उचलून घेऊन आला आणि बहिणीच्या अंगणात ठेवला. म्हणाला, "याचे हात सोलत नाईत."

कोकिळाबाई चुलीला म्हणाली, "आला शहाणा."

पण जा म्हणाली नाही.

*

बॅटरी पुढे, विंच मागे. मधला सगळा रस्ता तानबाने पाठीवर सरकत केला. सायलेन्सरची बाजू सोडून, फिरत्या दांड्यापासून लांब, डिझेलच्या नळीला न शिवता. जिथे लोखंडाची धार केबलला लागेल तिथे पाण्याच्या जुन्या नळीचे तुकडे चढवले. डोळ्यांत माती पडत होती. एकदा ग्रीसचा गोळा ओठावर पडला, तो त्याने खांद्याला पुसला. लाल केबल ओढताना मधेच ती कुठेतरी अडकली. राकेशने मागून जरा सोडवली, म्हणजे हलवली, म्हणजे

झटका. झटका.

गाडीखालचे पाय एकदम आखडले.

"काय झालं, मामाजी?"

"काई नाई. तू ओढलं का?"

"सोडवून राह्यलो."

"सांगून सोडवत जाजो."

राकेश पायांकडे बघत राहिला. पाय हळूहळू सैल झाले.

काळी केबल मात्र अपुरी पडली. विंचापासून निघाली ती केबिनखालीच संपली.

"आता?" राकेश म्हणाला.

"आता काय. चेसिसले देऊ अर्थिंग. गाडीचं सगळं लोखंड काळी तारच तं आहे."

"तुमच्या दुकानात असंच करता?"

"लाईटले करतो. हॉर्नले करतो."

"हा हॉर्न आहे का?"

"तू चौदाचा पाना दे."

राकेशने पाना दिला. तानबाने चेसिसवरचा रंग खरवडला, पण नटाखाली येईल तेवढाच. केबलच्या टोकाची थिंबल बसवली, नट आवळला. बॅटरीची वीज तोडणारा कटऑफ स्विच बॅटरीजवळ बोनेटखाली लावला, सगळे लावतात तिथे. बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर अंगणातल्या मातीचा पूर्ण नकाशा उमटला होता.

अंजू पाण्याचा तांब्या घेऊन आली. विंचजवळ वाकून तिने तो पिवळा कागद वाचला.

"मामा, हे वाचलं का तुमी?"

"चित्र पायलं."

"माणसं उचलाले वापरू नये, असं लिहून आहे. मोठ्या अक्षरात."

राकेश हसला. "ते शहरातल्या माणसांसाठी. थे वजनदार राह्यते."

कोणी हसलं नाही. ओसरीवरून आवाज आला. कोकिळाबाई सूप हातात धरून बसली होती आणि तुरीच्या डाळीतले खडे निवडता निवडता डाळीशीच बोलत होती.

"यारीवर लिहून होतं का काई? नव्हतं. तरी गेला तो."

तानबा तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्याला. निम्मं गळ्यावरून छातीवर गेलं.

*

चाचणीला पोत्यात दगड भरले. यारीचे जुने तीन पाय गाडीमागे रोवले, वर कप्पी, कप्पीवरून विंचची पोलादी तार. तानबाने वायरवाला रिमोट हातात घेतला. गाडी चालू ठेवली होती. कोकिळाबाई ओसरीवरून उठली नाही, पण सूप थांबलं.

बटण दाबलं. विंच कण्हल्यासारखा आवाज करत फिरला. पोतं जमिनीवरून सुटलं, हळू, फार हळू, मधेमधे अडखळत. बोनेटखालून टकटकटक आवाज आला, आणि मागे विंचवरच्या रिलेच्या डब्यातूनही.

"दमला वाटते," राकेश म्हणाला.

पोतं कमरेएवढं आलं. छातीएवढं आलं. तानबाने अंगठा बटणावरून उचलला.

विंच थांबला नाही.

त्याने पुन्हा दाबून सोडलं. थांबला नाही. दुसरं बटण दाबलं. पोतं वरच जात होतं. तानबाने रिमोट उघड्या तळहातावर धरला, कुठलंच बोट बटणावर नव्हतं, तो सगळ्यांना दिसावा असा धरला, जणू कोणी त्याला विचारणार होतं. तार ताणली. यारीचे पाय मातीत रुतू लागले. तार थरथरली, आणि ती थरथर गाडीतून, जमिनीतून, तळव्यांतून

झटका. झटका.

तानबा जागेवरच उभा.

"बंद करा ना!" राकेश ओरडला. आणि स्वतःच गाडीला वळसा घालून पुढे पळाला, बोनेटचा दांडा डोक्याला लागला, त्याने कटऑफ फिरवला. तोवर पोतं कप्पीला भिडून फाटलं होतं. दगड पडले. एक दगड उतरंडीवर गेला आणि वरचं मडकं फुटलं. पाणी ओसरीवरून खाली वाहू लागलं, कोकिळाबाईच्या पायाशी.

ती उठली. फुटक्या मडक्याकडे गेली नाही. गाडीच्या पुढे गेली, उघड्या बोनेटमध्ये बघितलं, तो लाल कानाचा स्विच बघितला. मग मागे येऊन विंचजवळ उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने मोजलं.

"अंजू."

"काय व माय?"

"विचार तुह्या मामाले. माणूस विहिरीत. विहीर गाडीच्या मागं. मंग बंद करायचं बटन पुढं काऊन?"

अंजूने मामाकडे बघितलं.

"सगळे तिथंच लावते," तानबा म्हणाला.

"सांग त्याले, सगळ्यायचे जवाई नाई उतरत."

*

डबा उघडला तेव्हा कारण समोरच होतं. चेसिसमधून ताकद पुरी पोचली नव्हती. रिले, बटणाबरोबर वीज जोडणारी-तोडणारी खटकी, धरायची, सोडायची, धरायची, आणि त्या फडफडण्यात तिच्या आतले तांब्याचे दोन ठोकळे वितळून एकमेकांना चिकटले होते. तानबाने स्क्रूड्रायव्हरने ते सोडवले. सुटताना टच आवाज झाला. काळ्या पडलेल्या कडा त्याने बोटाने चाचपल्या. चेसिसवरचा नट अजून गरम होता.

"हॉर्न नव्हता हा," तो राकेशला म्हणाला.

"मी कुठं काई म्हटलं?"

तो सेलूला जाऊन नवी रिले आणि पूर्ण लांबीची काळी केबल घेऊन आला. यावेळी काळीसुद्धा लालच्या बरोबरीने थेट बॅटरीपर्यंत गेली. पुन्हा पाठीवर सरकणं, पुन्हा डोळ्यांत माती. थिंबल हातोडीने चेपून न बसवता दुकानातून आणलेल्या सांडशीने दाबल्या, ओढून बघितल्या, दातांनीसुद्धा ओढून बघितल्या. बॅटरीजवळ फ्यूज बसवला. कटऑफची जागा राहिली.

कोकिळाबाई आली. गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला उभी राहिली, हात सहज लांब केला आणि फाळक्याच्या खांबावर तळवा ठेवला.

"अंजू, इथं खडूनं खूण कर."

"माय, तू उभी राहशीन का तिथं?"

"नाई तं कोण?"

अंजूने खूण केली. कोकिळाबाईने हात काढून घेतला, मागे सरकली, पुन्हा न बघता हात टाकला. तळवा बरोबर खुणेवर पडला. मग ती घरात गेली.

तानबाने स्विच तिथेच बसवला. खडूची खूण पुसली नाही.

पोतं पुन्हा भरलं, पुन्हा उचललं. अंगठा उचलला की विंच जागच्या जागी थांबत होता. आवाजही बदलला होता, आता कण्हणं नव्हतं. राकेशने पाळण्यात बसून बघितलं, अंगणातल्या अंगणात वर-खाली झाला, अंजूला हात हलवून दाखवला. अंजू तोंड फिरवून हसली.

राहिला खुणेचा दोर. जुना तर विहिरीतच राहिला होता.

"मी रिमोट धरतो," तानबा म्हणाला. "खुणेचा दोर दुसऱ्यानं धरावा."

"दुसरा कोण?" राकेश म्हणाला.

"विहिरीवाल्याचा कोणी माणूस."

"मामाजी, त्याले एक अन् दोन कळन का?"

"मशीन आहे आता. आवाज दे वरतं. मोबाईल आहे."

"विहिरीत रेंज येते का? काई पण बोलून राह्यले."

ओसरीवर कोकिळाबाई नायलॉनच्या पिवळ्या दोराचं भेंडोळं सोडवत होती. बाजारातून कधी आणला ते कोणालाच माहीत नव्हतं. तिने एका टोकाला मनगटाचा फास बांधला, गाठ ओढून पाहिली. दुसरं टोक घेऊन आली आणि तानबाच्या हातात दिलं नाही. विंचच्या आकड्याला अडकवलं आणि आकड्यालाच म्हणाली:

"मशीनले हात नाई. मशीनले काई समजत नाई. दोर घरच्याच हातात राहीन."

*

पहिलं काम हिंगणीच्या पुढे आलं, जंगलाच्या कडेला. गोपाल नावाच्या माणसाची विहीर. सेलूत त्याचं कापडाचं दुकान आणि इथे संत्र्याची बाग. विहिरीच्या दगडी बांधकामात उंबर उगवला होता आणि त्याच्या मुळांनी दगड सुटू लागले होते. झाड कापायचं, मुळं खणून काढायची, सुटे दगड उतरवायचे. पूर्ण काम पाळण्यात लटकून.

"अंधार पडायच्या आत आटपजा," गोपाल म्हणाला. "जनावर पाण्यावर येते इकडं. परवा पायाचे ठसे होते." जनावर म्हणजे वाघ, हे सगळ्यांना माहीत होतं.

कोकिळाबाईने आधी खालची हवा बघायला कंदील पेटवून खाली सोडला. तो पाण्याजवळ जाऊन शांत जळत राहिला. बराच वेळ तिने तो तसाच ठेवला. वर घेतला तेव्हाही ज्योत सरळ होती.

"आता जवाईबापू उतरतीन," ती कंदिलाला म्हणाली.

राकेशने पिवळा फास डाव्या मनगटाला घातला. पहारीसारखी सब्बल, कुऱ्हाड, करवत पाळण्यात. अंजूने त्याच्याकडे बघितलं आणि मग बागेकडे बघू लागली. तानबाच्या उजव्या हातात रिमोट, डाव्यात दोर. कोकिळाबाई डाव्या कोपऱ्याला उभी, तळवा स्विचवर.

पाळणा खाली गेला. विहिरीतून थंड वास वर आला, शेवाळाचा, पारव्यांच्या विष्ठेचा. कुऱ्हाडीचे घाव सुरू झाले. प्रत्येक घावाबरोबर दोर जरा हलायचा. तानबाने मूठ ढिली ठेवली, मग घट्ट केली, मग पुन्हा ढिली. घामाने दोर निसरडा झाला. तो विहिरीत बघत नव्हता. मुठीकडे बघत होता. घाव. घाव. थोडं थांबणं. घाव, आणि

झटका. झटका.

अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

खालून घावांचा आवाज येत नव्हता. हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"आला का?"

हे कोणाला म्हटलं ते त्याला लगेच कळलं नाही. इथे कोंबडी नव्हती, चूल नव्हती. अंजू पलीकडे होती. कोकिळाबाई थेट त्याच्याकडे बघत होती.

"आल्यासारखा वाटला, बाई."

"मंग ओढ."

"पण बाई, मले रोजच येते. झोपीत येते. बकरीचं दावं धरलं तरी येते, अंगावरची चादर ओढली तरी येते. खरा कोणता अन् खोटा कोणता, मले कळत नाई. म्हूनच तं मी म्हणून राह्यलतो का दुसऱ्याले..."

"तुले खरा-खोटा कोण विचारून राह्यलं? आला तं ओढजो. एवढंच."

त्याने बटण दाबलं.

राकेश वर आला, केसांत उंबराचा भुसा, हातात करवत.

"काय झालं?"

"तू दोन मारले?"

"नाई बा! मी करवत बदलून राह्यलतो."

"जा खाली," कोकिळाबाई म्हणाली.

पुन्हा खाली. पुन्हा घाव. झटका. झटका. पुन्हा वर.

"मामाजी!"

"आला."

"नाई आला!"

"मले आला."

पुन्हा खाली. एक मूळ अर्धं कापलेलं राहिलं, तेवढ्यात वर. दगड हातात धरलेला, तो तसाच मांडीवर घेऊन वर. दर वेळी राकेश जास्त चिखलाने भरलेला, जास्त चिडलेला. बागेतून गोपाल येऊन उभा राहिला. हात कमरेवर, तोंडात सुपारी.

"कोकिळाबाई, तुमचा जवाई झाड कापून राह्यला का झोका खेळून राह्यला?"

"खेळून राह्यला," ती म्हणाली. "पैसे झाडाचेच द्याचे."

"अंधार पडन तुमचा अशानं."

"पडू द्या. वाघालेही पाळण्यात बसवू."

गोपाल हसत गेला. पण पाळण्यातून राकेश बोलला ते हसून नाही. "मामाजी, मी सांगतो, हे काम नाई होत. माणसाले एवढं वर-खाली केलं तं मळमळते. मी ओढीन तवा ओढा. मी ओढलं नाई तं नोका ओढू. एवढं साधं आहे."

तानबाने मान खाली घातली. त्याच्या मुठीतला दोर ओला आणि मळकट झाला होता. तो कोकिळाबाईकडे दोर धरून पुढे झाला, घे म्हणून.

तिने हात स्विचवरून काढला नाही.

"जवाईबापू, तुमी एक शिकलेले माणूस. हा आडमुठा. पण मी याले विचारलतं एक डाव, दोर हालला का, तं हा म्हणे, कळलं नाई. आता याले कळून राह्यलं. जास्तच कळून राह्यलं. जास्त कळते, त्याचं मले काई नाई. तुमी शंभर डाव वरतं आले तरी तुमचा भात तयार आहे घरी."

अंजू तिकडे झाडाला टेकून उभी होती. ती विहिरीकडे आली, आत डोकावली, राकेशचा चिखलाने माखलेला चेहरा बघितला.

"तुमी वर येता तं मले बरं वाटते," ती म्हणाली. इतकंच.

राकेशने पाळण्याची दोरी घट्ट धरली. "सोडा खाली."

आणि दुपार तशीच गेली. झटका आला की ओढणं, विचारणं नाही. राकेशही विचारेनासा झाला. वर आला की अंजूच्या हातचं पाणी प्यायचा, थुंकायचा, बोटानेच खुणावायचा, सोडा. एखाद्या वेळी वर येऊन काठावरच बसून राहायचा, डोळे मिटून. कोकिळाबाईचा तळवा स्विचवर तसाच. माशा तिच्या मनगटावर बसत होत्या आणि ती त्या उडवत नव्हती. ऊन कलायला लागलं तेव्हा उंबराचं शेवटचं खोड वर आलं. त्याला पांढऱ्या केसांसारखी मुळं लोंबत होती. त्यानंतर राकेश आला.

खालच्या अंगाला पाऊलवाट सावलीत गेली होती. सगळ्यांनी भराभर सामान चढवलं. विंचची तार गुंडाळली. तानबाने चेसिसखाली हात घालून केबलला हात लावून बघितला. कोमट होती, गरम नव्हती.

*

परत येताना कोकिळाबाई आणि अंजू केबिनमध्ये बसल्या. गाडी गोपालच्या माणसाने चालवली, हिंगणीत तो उतरला की पुढे राकेश चालवणार होता. मागे राकेश आणि तानबा, मधे विंच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची वाळकी पानं. राकेश अंगावरचा सुकलेला चिखल नखाने काढत होता. त्याच्या मनगटावर फासाचा लाल वळ उठला होता.

तानबा म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"एवढ्या डावांत एकदा तरी खरं ओढलतं का तू?"

राकेशने चिखलाचा खपला गाडीबाहेर टाकला.

"एकदा ओढलतं."

"कोणत्या खेपेले?"

"मुळं काढतानी डोळ्यापुढं काळं आलतं. दगड धरून राह्यलो. मंग ओढलं."

"कोणत्या खेपेले, राकेश?"

"मले नाई आठवत, मामाजी. तुमी ओढलं. मी आलो वरतं. आता काय त्याचं?"

पिवळा दोर तानबाच्या मांडीवर वेटोळं करून पडला होता. गाडी खड्ड्यातून गेली, दोर हलला. त्याने तो हातात घेतला आणि धरून ठेवला.

घरी पोचल्यावर कोकिळाबाई उतरली. ओसरीवर जाऊन चूल पेटवू लागली. धुरात तिचे डोळे चुरचुरले.

"तानबा," ती म्हणाली. "हात धुऊन घे."

*

रामाजी गेला त्या दिवशी खुणेचा दोर त्याच्या मनगटाला नव्हता. इंजिन सोडवताना आडवा येतो म्हणून त्याने उतरल्याबरोबर तो काढून बांधकामातल्या लोखंडी कडीला बांधून ठेवला होता, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी वर चढलं तेव्हा तो कडीसकट बुडाला.